बाना वाजल्यावर जागा होणारा देव

१८५६ साली रॉबर्ट कॉल्डवेल यांचे द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लंडनला छापून आले. तमिळ मुलखात, तिरुनेलवेलीकडे उभे आयुष्य काढलेला हा मिशनरी. त्याच्या ग्रंथात तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या ग्रंथसंपन्न भाषांच्या पंगतीला मध्य हिंदुस्थानच्या जंगलातली गोंडी येऊन बसली, आणि क्रियापदांचा हिशेब मांडताना ती सगळ्यांना मागे टाकू लागली. क्रिया सुरू होते आहे, करावीशी वाटते आहे, चालू होती, होऊन गेली, अशा छटा दाखवणारी गोंडीची रूपे तमिळपेक्षाही भरगच्च निघाली. ज्या लोकांना तेव्हाचे सारे विद्वान रानटी म्हणत, त्यांच्या तोंडी इतके बारीक विणलेले व्याकरण कसे, हा प्रश्न कॉल्डवेल यांच्या पानांतून उभा राहिला. त्याचे उत्तर देण्याची घाई मात्र कोणाला नव्हती.

कारण त्या काळाची मोजपट्टी आधीच ठरलेली होती. ज्या समाजाला लिपी आहे त्याला ग्रंथ असतो, ग्रंथ असतो त्याला तत्त्वज्ञान असते, तत्त्वज्ञान असते त्याला ईश्वराची शुद्ध कल्पना असते. लिपी नसली की ही सगळी साखळीच तुटते. भाषेवाचून विचार नाही असे माक्स म्युलर ठामपणे सांगत होते. जॉन लबक यांनी १८७० साली लिहिले की जगात धर्मकल्पनाच नसलेले कितीतरी समाज आहेत. पुढच्याच वर्षी एडवर्ड टायलर यांनी ते खोडून काढले, पण लिपी नसलेल्या माणसांच्या धर्माला त्यांनी शिडीची सर्वांत खालची पायरी दिली आणि तिला ‘अ‍ॅनिमिझम’ असे नाव ठेवले. हेच नाव पुढे हिंदुस्थानच्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात येऊन बसले. गोंडांच्या देवाची नोंद अनेक वर्षे त्या एका शब्दाखाली होत राहिली.

ही मोजपट्टी जमिनीवर कशी लावली जात होती ते पाहायचे तर बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या पठारावर जावे. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा तयार झाला. खाली वैनगंगेचे भाताचे खोरे, वर सातपुडा आणि मैकल यांच्या रांगांत अडकलेली पठारे. पहिले डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवार शेतकऱ्यांना वर बैहरकडे वसायला उत्तेजन दिले. त्याच सुमारास लछमन पोवार नावाच्या माणसाने परसवाडा पठारावरची पहिली गावे वसवली, असे गॅझेटियर सांगते. पोवारांचे कष्ट खरे होते. जंगल तोडून त्यांनी तिथे भात पिकवला आणि बुंदेली, बघेली, मराठी यांच्या मिसळणीतून आलेली आपली पोवारी बोली वर नेली. पण ‘पहिली गावे’ म्हणताना गॅझेटियरने नांगर मोजला होता. त्याच्या कितीतरी आधीपासून मैकलच्या या टापूत बैगांची बेवर, म्हणजे जंगल जाळून केलेली शेती, पेटत होती आणि गोंडांचे टोले वसले होते. नांगर आल्यावर गावाचा इतिहास सुरू होतो आणि लिपी आल्यावर बुद्धीचा, असे हे दोन हिशेब एकाच दौतीतून उतरलेले आहेत.

हा सारा मुलूख तेव्हा नागपूरकडे तोंड करून होता. भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत जन्माला आला, राजधानी नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर एकाच राज्याच्या छताखाली होते, हे आज सीमेच्या दोन्ही बाजूंना विसरले गेले आहे. म्हणून परसवाड्याच्या देवाची कागदावरची पहिली मोठी हकिगत नागपुरात लिहिली गेली यात नवल नाही.

ती लिहिणारे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे. १८४५ साली ते फ्री चर्चच्या वतीने नागपूरला आले, मराठी शिकले, शाळा काढली. नागपूरकरांना त्यांचे नाव १८८३ साली निघालेल्या हिस्लॉप कॉलेजमुळे माहीत आहे. भूगर्भशास्त्रज्ञांना त्यांनी शोधलेल्या जीवाश्मांमुळे. दगड फोडून त्यातले पान, मासा, बेडकाचा पूर्वज ओळखणारा हा माणूस तितक्याच चिकाटीने माणसांच्या बोलीही जमवत होता. धर्मप्रसारासाठी आला होता हे खरे, आणि गोंडांचा देव त्याच्या लेखी खरा देव नव्हता हेही खरे. पण त्याने एक गोष्ट केली जी त्याच्या आधी आलेल्यांपैकी फारच थोड्यांनी केली होती: गोंडांच्या देवाविषयी स्वतःचे मत लिहिण्याआधी त्याने एका परधानाला गाऊ दिले आणि तो जे गाईल ते गोंडी शब्दांत, जसेच्या तसे उतरवून घेतले.

परधान म्हणजे गोंडांचे भाट, वंशावळीचे राखणदार, देवाचे गायक. गोंडीत त्यांना पाटाडी म्हणतात. ठरलेल्या गोंड घराण्यांकडे त्यांची पिढीजात यजमानी असते. लग्न, मर्तिक, देवकार्य, प्रत्येक प्रसंगी त्यांनी यायचे, बाना हे तंतुवाद्य वाजवायचे आणि त्या घराण्याचे मूळ गायचे. हिस्लॉप यांनी उतरवून घेतले ते लिंगोचे गाणे, पाच भागांचे.

त्यातली कथा अशी. गोंड जन्माला आले आणि रानभर पसरले, जे मिळेल ते खाऊ लागले. महादेवाला त्यांचा वास सहन होईना. त्याने सगळ्यांना एका गुहेत कोंडले, दारावर शिळा लावली, राक्षस पहाऱ्याला ठेवला. चौघे भाऊ तेवढे निसटले. इकडे पार्वतीला मात्र गोंडांच्या वासावाचून करमेना; ती व्रताला बसली. मग एका झाडाच्या फुलातून लिंगो जन्मला. उंबराच्या मधावर वाढला. तो त्या चार भावांना भेटला, त्यांच्यात राहिला, त्यांना झाडे तोडून भात पेरायला लावले. शिकार कच्ची खायची नाही, विस्तव हवा, म्हणून त्याने धाकट्या भावाला एका म्हाताऱ्या राक्षसाच्या शेकोटीकडे धाडले. तो घाबरून परत आला. तेव्हा लिंगो स्वतः निघाला. भोपळ्याचे वाद्य केले, तारा चढवल्या, झाडावर बसून वाजवू लागला. म्हातारा राक्षस आणि त्याची बायको नाचू लागली. विस्तव मिळाला, राक्षसाच्या सात मुली चौघा भावांच्या बायका झाल्या. पुढे त्याच बायकांनी लिंगोवर खोटा आळ घेतला आणि भावांनी त्याला ठार केले. अमृत शिंपडून तो पुन्हा उठवला गेला. उठला, पण भावांकडे परतला नाही. कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघाला. महादेवाने अशक्य वाटणारी अट घातली, अजस्र पक्ष्याची पिल्ले आण. पिल्ले गिळायला आलेल्या नागाला लिंगोने मारले, तेव्हा पक्षीच त्याचे झाले. गुहा उघडली. वाटेत पूर आलेल्या नदीत मगरीने दगा दिला, कासवाने तारले. पलीकडे गेल्यावर लिंगोने लोकांना घराण्यांत वाटले, परधानाची नेमणूक केली, कोणी कोणता देव पुजावा आणि लग्न कसे लावावे ते सांगितले. कासवाला दिलेला शब्द मोडू नका म्हणाला आणि दिसेनासा झाला.

गाण्यात महादेव, पार्वती, भगवान ही नावे येतात म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी या पाठाला हिंदू कलम लागलेला पाठ म्हटले. कलम लागलेले आहेच. पण कलमाची जागा पाहावी. शेजाऱ्यांचा सर्वांत मोठा देव या कथेत गोंडांना कोंडणारा आहे, आणि सोडवणारा आपला आहे, फुलातून आलेला. शेजाऱ्याच्या देवाचे नाव उसने घेऊन आपल्या दुःखाची कहाणी त्याच्यासमोर उभी करणे हे जाणत्या बुद्धीचे काम आहे. गोंड कवीने ते शतकानुशतके केले, कागदाचा आधार न घेता.

या गाण्याचा चौथा आणि पाचवा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि बहुतेक वाचक नेमका तोच टाकून देतात, कारण तिथे साहस संपते आणि याद्या सुरू होतात. गोंडांची घराणी चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी असतात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. सहा देववाल्याने सात देववाल्यांकडे मुलगी पाहावी. म्हणजे ‘तुझे देव किती?’ हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस आपला भाऊ होतो की व्याही होऊ शकतो ते कळते. मेलेला माणूसही विधी झाल्यावर आपल्या घराण्याच्या पेनांत, म्हणजे देवांत, मिळतो. मग देव म्हणजे आकाशात एकटा बसलेला कर्ता उरत नाही. तो नात्यांचे व्याकरण होतो: कोण कोणाला जोडता येईल, कोण कोणाला नाही, कोणाचा क्रम कुठे. कॉल्डवेल यांना क्रियापदांत जी बारकाई दिसली ती गोंडांनी देवघरातही चालवलेली आहे. ईश्वराची कल्पना समाजात इतकी मुरवून, तरीही स्वच्छ नियमांत मांडणारे दर्शन मी फार थोडे पाहिले आहे.

आणि हा देव नुसता मानून चालत नाही, त्याला जागे करावे लागते. मैकलच्या बाजूला बडादेव, म्हणजे गोंडांचा मोठा देव, साजाच्या झाडात राहतो असे मानतात. साज म्हणजे आपल्याकडचा ऐन. त्याच्याखाली परधान बाना वाजवतो आणि नावे घेतो. मूर्ती नाही, पोथी नाही. नावे योग्य, क्रम योग्य, स्वर योग्य असेल तर देव हजर. इथे बुद्धीची कसोटी स्मरणात आहे. शेकडो घराण्यांची मुळे, देवांच्या वाटा, कोणी कुठून आले, कुठे थांबले, हे सारे एका माणसाच्या डोक्यात आणि तेही सुरात बांधलेले. वैनगंगेच्या काठी, खाली अंभोऱ्याला, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला असे एक परंपरा मानते. मराठीत ब्रह्म सांगण्याचे ते धाडस आपण कौतुकाने सांगतो, सांगायलाच हवे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला दुसरी एक भाषा आपल्या देवाला असेच बोलत होती, फक्त तिचा ग्रंथ माणसांच्या गळ्यात होता.

१८६३ च्या ४ सप्टेंबरला हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. रात्री परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. वय ४५. कागद तसेच पडले होते. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते नीट लावून १८६६ साली छापले. गोंडी शब्द रोमन अक्षरांत आणि त्यांच्या सोबत शब्दाला शब्द इंग्रजी. टेंपल राज्यकर्ते होते, प्रस्तावनेत त्यांची नजरही राज्यकर्त्याचीच आहे. तरी गोंडी मूळ न गाळता छापण्याचा त्यांचा निर्णय फार मोठा ठरला. पाचच वर्षांनी जेम्स फोर्सिथ यांनी आपल्या सातपुड्यावरच्या पुस्तकात हेच गाणे लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्यात घातले, काटछाट करून. वाचायला गोड आहे ते, पण त्यात परधान उरला नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांतही लिंगोची कथा येते, ती हिस्लॉपच्याच पाठावरून. म्हणजे नागपूरजवळच्या एका गायकाचा एका वेळचा पाठ पन्नास वर्षे साऱ्या गोंडवनाचा पुराणग्रंथ होऊन बसला.

आता १९१८. बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. देवनागरी शेजारी होती. रोमनमध्ये हिस्लॉप-टेंपल यांनी गोंडी छापून दाखवली होती. कामापुरते दोन्हींपैकी काहीही चालले असते. मसराम यांनी नवी अक्षरे घडवली. वर्णांची मांडणी आपल्या ओळखीची, व्यंजनाला स्वर चिकटवण्याची रीत आपल्या ओळखीची, पण अक्षरांचे आकार नवे. माझ्या मते ते त्या जुन्या मोजपट्टीला दिलेले उत्तर होते. लिपी असेल तरच बुद्धी मोजाल ना? मग ही घ्या लिपी, आणि ती कोणाकडून उसनी आणलेली नाही. राज्यकर्त्यांच्या नकाशात जिथली पहिली गावे नांगराने मोजली गेली, त्याच घाटमाथ्याच्या जिल्ह्यातून हे उत्तर आले याचा मला अभिमान वाटतो, मी गोंड नसलो तरी.

लिपीचे हे स्वप्न एकट्या मसराम यांचे नव्हते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडीची आणखी एक, वेगळी लिपी हस्तलिखितांत जपलेली होती. अभ्यासक तिचा काळ १७५० च्या आसपास नेतात. चालू शतकात हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी ती उजेडात आणली तेव्हा गावातल्या मोजक्या वृद्धांनाच ती वाचता येत होती. म्हणजे गोंडांना लिपी नाही असे विद्वान एकमुखाने लिहीत होते त्या काळातही ती कुठेतरी फडक्यात बांधून ठेवलेली होती.

आदिलाबादचेच आणखी एक वास्तव मराठी माणसाने तरी विसरू नये. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यात तिथल्या राजगोंडांमध्ये राहिले. १९४८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवले आहे की तिथल्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. पण किकरी हे आपले तंतुवाद्य हातात घेऊन गोंडांची मूळकथा सांगायला बसले की ते गोंडीतच गातात. घरी लेकराला निजवायचे मराठीत आणि देव जागवायचा गोंडीत. दुसऱ्या समाजाच्या देवाची संपूर्ण स्मृती, त्याच्याच भाषेत, मराठी बोलणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. याच मुलखात, मारलवाईला, हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ च्या सुमारास गोंडी शाळा निघाली, आणि तिची क्रमिक पुस्तके देवनागरीत होती.

तिकडे मैकलच्या बाजूला हे काम शामराव हिवाळे या मराठी माणसाने केले. १९३२ साली ते व्हेरिअर एल्विन यांच्याबरोबर पुणे सोडून मंडल्याकडच्या करंजियाला गेले आणि तिथलेच झाले. एल्विन यांचे नाव जगभर गेले. शामरावांचे पुण्यातही फारसे उच्चारले जात नाही. १९४६ साली त्यांनी वरच्या नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवर अख्खे पुस्तक लिहिले. तोवर परधान हा गोंडांवरच्या ग्रंथांत एका तळटीपेइतका माणूस होता, मागून खाणारा, कमी जातीचा. शामरावांनी त्याला समोर बसवले, त्याचा विनोद, त्याचा प्रवास, त्याची यजमानी, त्याचा बाना हे सगळे नोंदले. देव ज्याच्या आवाजाने जागा होतो त्याच्याकडे पहिल्यांदाच कोणी नीट पाहिले. याच परधानांतला जनगढसिंह श्याम पुढे भोपाळच्या भारत भवनात पोहोचला आणि गाण्यातले देव भिंतीवर, कागदावर उतरले.

नागपूरचे मोतीरावण कंगाली यांच्यापाशी आल्यावर हा इतिहास पुन्हा गोंडांच्या हाती येतो. रामटेकजवळच्या गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेत नोकरी केलेले, गोंडीचे व्याकरण, शब्दकोश, देवस्थाने यांवर आयुष्यभर लिहीत राहिलेले गृहस्थ. पारी कुपार लिंगोवरच्या त्यांच्या ग्रंथात कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा जीवनमार्ग, एक पूर्ण दर्शन म्हणून मांडलेला आहे. त्यांच्या मांडणीत फडापेन, म्हणजे बडादेव, हा जग घडवणारा पुरुष नाही. सल्ला आणि गांगरा या दोन शक्तींच्या जोडीतून सृष्टी चालते. हिस्लॉपच्या गायकाने हे असे गायले नव्हते. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा दावाही भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही, आणि मलाही तो पटत नाही. पण ज्या समाजाच्या देवाला शंभर वर्षे इतरांनी नावे ठेवली, त्यातल्या विचारवंताने स्वतःच्या भाषेच्या आधाराने आपला देव पुन्हा विचारून पाहणे हे त्या परंपरेचेच पुढचे पाऊल आहे. गाणे तरी दरवेळी तेच कुठे असते? कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० च्या दशकात गोंदियाच्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा पुन्हा जागती केली. लिंगोने गोंडांना सोडवले ती हीच, अशी श्रद्धा. बालाघाटची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. माघी पौर्णिमेला तिथे चार-पाच राज्यांतले गोंड जमतात, आणि ‘जय सेवा’चा गजर मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू अशा सगळ्या हेलांत होतो.

त्या हेलांतच आजचा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. गोंड म्हणून नोंदलेले एक कोटीहून अधिक. दहा लाखांहून जास्त लोकांनी धर्माच्या रकान्यात आपला धर्म गोंडी असे लिहवून घेतले, रकाना वेगळा नसतानाही. देव सांगणारे अजून आहेत, त्याची भाषा बोलणारे कमी होत आहेत. घटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच काळजीपोटी. आणि मसराम यांची अक्षरे २०१७ साली युनिकोडमध्ये दाखल झाली, पुढच्या वर्षी गुंजाळाचीही. दोन्हींचे फॉन्ट आज फुकट मिळतात. यंत्रांना भाषा शिकवण्याचे हे दिवस आहेत, आणि यंत्र फक्त लिहिलेले वाचते. जी भाषा कागदावर थोडी आहे तिच्याविषयी यंत्रही उद्या तेच म्हणेल जे काल विद्वान म्हणत होते.

म्हणून एक काम व्हावे असे मला फार वाटते. हिस्लॉपचे पाच भाग रोमनमधून सोडवून मसराम लिपीत आणि देवनागरीत ओळीला ओळ छापावेत, समोर मराठी ठेवावी. ते कच्चे खर्डे घेऊन परसवाडा, बैहर, सालेकसा, आदिलाबाद इथल्या जुन्या परधानांपुढे बसावे. ते म्हणतील, हे असे नाही, आमच्याकडे असे गातात. ते प्रत्येक ‘असे नाही’ समासात लिहून घ्यावे, आणि छापताना समास मोठा सोडावा.